थोरलीच्या नावाचा पंप

आमच्या कंपनीचा पंप माझ्या मोठ्या बहिणीच्या नावाचा आहे. ते नाव मी इथे लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि बाकीच्यांनी ते माझ्याकडूनही ऐकावं अशी माझी इच्छा नाही. पंपाच्या बिडाच्या कवचावर ते उठावाच्या अक्षरांत असायचं, वर लाल रंग मारलेला. लहानपणी मी त्या अक्षरांवरून बोट फिरवायची. मला लिहायला यायच्या आधी माझ्या बोटाला बहिणीचं नाव येत होतं.

पुण्यातल्या लहान कारखानदारांची तेव्हा तशी रीतच होती. मुलगी झाली की तिच्या नावाने पिठाची गिरणी, तिच्या नावाने मसाले, तिच्या नावाने मोटार. मुलाचं नाव सहसा देत नसत. मुलगा पुढे स्वतःच येऊन खुर्चीवर बसेल हे धरलेलं असावं. दुसऱ्या मुलीचं काय करायचं, याची रीत मात्र कुणी पाडलेली नव्हती.

बाबा पिंपरीकडच्या एका इंजिनाच्या कारखान्यात नोकरीला होते. शनिवार पेठेत एका अंगणाच्या कडेला त्यांनी गाळा भाड्याने घेतला आणि सुट्टीच्या दिवशी तिथे शेतकऱ्यांचे फवारणीचे पंप दुरुस्त करू लागले. ताई झाली त्याच वर्षी त्यांनी स्वतः बनवलेला पहिला पंप चालला. आधी कोण झालं यावर आमच्याकडे अजून एकमत नाही. आई म्हणते ताई. चाचा म्हणतात पंप. चाचा म्हणजे बाबांचे पहिले फिटर. कित्येक पिढ्या पुण्यात राहिलेलं मुसलमान घर, वडिलांचं मंडईमागे कुलपांचं दुकान, आणि बोलणं आमच्यापेक्षा शुद्ध.

लाकडी साचा करणाऱ्या सुताराने ताईच्या नावाची अक्षरं साच्यातच बसवली होती. त्यामुळे वाळूत साचा दाबला की नाव उमटायचं आणि बीड ओतलं की कायमचं व्हायचं. ते काढायचं तर घासूनच काढावं लागलं असतं.

आम्ही वणवा विझवायचे पंप करू लागलो ते एका गप्पेतून. वन खात्याचे एक अधिकारी रोपवाटिकेसाठी फवारणीचा पंप घ्यायला आले होते. चहा पिता पिता ते सांगू लागले, की उन्हाळ्यात डोंगर पेटतात तेव्हा आमची माणसं हिरव्या फांद्यांनी आग झोडपतात. आधीपासून गवत जाळून पट्टे मोकळे ठेवतात, त्यांना जाळरेषा म्हणतात, पण वारा आला की आग ती रेषाही ओलांडते. बंब रस्ता सोडून येत नाही. पाणी खाली ओढ्यात आणि आग वर. "तुमचा पंप ओढ्यापर्यंत उतरवता आला असता तर," असं म्हणून ते गेले. बाबांनी ते वाक्य सोडलं नाही. त्यांनी इंजिन आणि पंप एका पाइपच्या चौकटीत बसवले, चौकटीला दोन्ही बाजूंना दांडे दिले. दोघांनी उचलायचं, ओढ्याकाठी ठेवायचं आणि तिथून पाणी डोंगरावर मारायचं.

चाचण्या शनिवार पेठेतल्या अंगणात व्हायच्या. पाण्याची धार शेजारच्या अंगणात पडायची. तिथल्या आजोबांनी भिंतीवर पाटी लावली: 'आमच्याकडे वणवा लागलेला नाही. पाणी मारू नये. लागल्यास कळवू.' ती पाटी आम्ही गाळा सोडेपर्यंत होती. नंतर लोणी काळभोरला जागा घेतली, शेड बांधली, आणि मागच्या कडुलिंबावरून पाणी पलीकडे गेलं की पंप पास, असं बाबांनी ठरवून टाकलं.

शेडमध्ये एक वेगळीच अडचण होती. मालकांच्या मुलीचं नाव घेऊन यंत्राला कसं बोलायचं? पंप कधी अडतो, कधी तापतो, कधी त्याला लाथ घालावी लागते. मग कामगारांनी नाव घेणंच सोडलं आणि पंपाला 'ताई' म्हणू लागले, तेही आदराने. "ताई बसल्या." "ताईंना जरा उचला." "ताईंच्या पोटात कचरा गेलाय." मी धाकटी, म्हणून मला 'धाकट्या ताई' म्हणायचे. पण माझं पोट, माझं तापणं, माझं वजन कुणी बोलत नव्हतं.

मी झाले तेव्हा बाबा टेंडरच्या कामासाठी नागपूरला होते. नवा पंप काही त्या वर्षी निघाला नाही. ताईचा पंप चांगला चालत होता, दुसऱ्याची गरज नव्हती.

आम्ही दोघी एकाच इंग्रजी शाळेत. ताई वक्तृत्वात, नाटकात, बास्केटबॉलमध्ये. मी तिच्या गणवेशात. तो खरंच तिचाच गणवेश असायचा. कॉलरच्या आतल्या बाजूला आईने शाईने तिचं नाव लिहिलेलं असायचं आणि ते धुऊनही जायचं नाही. बाई वर्गात पहिल्याच दिवशी म्हणायच्या, "अच्छा, तू तिची बहीण." मी मान हलवायची. मान हलवणं हे माझं शाळेतलं मुख्य काम होतं.

ताईला तो पंप आवडायचा नाही. एकदा शेतकी प्रदर्शनात आम्ही बाबांच्या स्टॉलवर बसलो होतो. एक गृहस्थ आले, कवचावरचं नाव मोठ्याने वाचलं, त्यावर दोन थापा मारल्या आणि सोबत्याला म्हणाले, "हाय दणकट. पन पेट्रोल लई पिती." ताई रिक्षात रडली. आई तिची समजूत घालत होती. मी खिडकीच्या बाजूला बसून विचार करत होते, की माझ्याबद्दल असं कुणी म्हणालं असतं तर मी घरी जाऊन ते परत परत आठवलं असतं.

मग देशाचे दरवाजे उघडले, असं वर्तमानपत्रं म्हणत होती. आमच्याकडे ते दरवाजे मुंबईच्या एका डीलरच्या रूपाने उघडले. बाहेरचे पंप येऊ लागले. छोटे, केशरी, एका माणसाने पाठीवर न्यायचे. टेंडरमध्ये वजनाची अट आली. बाबा जेवताना म्हणायचे, "आग काय वजनकाट्यावर विझते?" कुणी उत्तर द्यायचं नाही, कारण त्यांनाही ते नको असायचं.

ताई संगणक शिकली. त्या वेळी ज्याला त्याला कंपन्या उचलून अमेरिकेला नेत होत्या, तशी तीही गेली. लग्न केलं, तिकडेच राहिली. जिथे राहिली तिथले डोंगर दर उन्हाळ्यात पेटतात, हे तिला गेल्यावर कळलं. मला ते अन्यायाचं वाटलं. वणवेसुद्धा तिच्याच दारात.

मी पदवी घेतल्यावर माझ्या वर्गातल्या सगळ्या जणी हिंजवडीच्या बसमध्ये चढल्या. मी दोन मुलाखतींना गेले. समोरचे लोक 'स्वतःबद्दल सांगा' म्हणाले आणि मला सांगण्यासारखं काही सुचलं नाही. बाबा म्हणाले, "तोवर ये शेडमध्ये. परदेशी पत्रं लिहायला माणूस पाहिजेच आहे." तोवर म्हणजे कधीपर्यंत, ते मी विचारलं नाही. ज्या दिवशी मी टेबलामागे बसले त्या दिवसापासून चाचा सोडून सगळे मला 'मॅडम' म्हणू लागले. चाचांनी मला काहीच म्हणायचं टाळलं.

पहिल्याच उन्हाळ्यात पश्चिमेकडच्या एका डोंगरावर वन खात्याने दोन्ही पंपांची परीक्षा ठेवली, आमचा आणि तो केशरी. गवताचा एक तुकडा जाळरेषेच्या आत पेटवला होता. आमचे दोन फिटर ताईंना घेऊन ओढ्याकडे उतरायला लागले. दगड सुटत होते. पुढचा घसरला की मागचा थांबायचा, मागचा घसरला की दोघं. तेवढ्यात एक वनरक्षक केशरी पंप दप्तरासारखा पाठीला लावून त्यांच्या शेजारून उतरून गेला. आमचा पंप सुरू होईपर्यंत त्यांचं पाणी वर पोचलं होतं. आमची धार सुरू झाली तेव्हा ती त्यांच्यापेक्षा लांब गेली, आगीच्या पलीकडे जाऊन पडली, पण तोवर तिथे विझवायला फारसं उरलं नव्हतं.

"जोर तुमचाच आहे, साहेब," अधिकारी म्हणाले. "पण तुमची पालखी येईपर्यंत आमचा डोंगर थांबत नाही."

मी बाबांकडे पाहत होते. ते केशरी पंपाकडे पाहत होते, मान न वळवता, डोळ्यांच्या कोपऱ्यातून, आपल्याला काही दिसलंच नाही असं दाखवत. ते पाहणं माझ्या ओळखीचं होतं. ताईचं नवं घड्याळ, ताईच्या मैत्रिणी, ताईचा व्हिसा, हे सगळं मी असंच पाहत आले होते. तेव्हा मला कळलं की हे माझ्यात कुठून आलंय.

परतताना जीपमध्ये बाबा पुढे बसले होते, मी मागे.

"प्लास्टिक आहे सगळं," बाबा म्हणाले.

"नाही," मी म्हणाले. "कवच ॲल्युमिनियमचं आहे. आतला पंखासुद्धा. टाकी तेवढी प्लास्टिकची."

"तुला काय माहीत?"

"हात लावून पाहिलं. तुम्ही अधिकाऱ्यांशी बोलत होतात तेव्हा. त्यांचा माणूस पाणी प्यायला गेला होता."

बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. नुसतं पाहिलं, पण पूर्ण मान वळवून. पुढचा सगळा रस्ता मी त्यावर काढला.

रविवारी ताईचा फोन आला. बाबांनी तिला डोंगरावरची सगळी हकिगत सांगितली आणि शेवटी म्हणाले, "मी हात लावून पाहिलं ना. ॲल्युमिनियम आहे." मी शेजारी पालक निवडत होते. निवडत राहिले.

त्यानंतर हलका पंप करायचं बाबांनी मनावर घेतलं. भोसरीतल्या ओतकाम करणाऱ्यांकडे जाणं, छोट्या इंजिनासाठी पत्रं, परदेशी पंपांची माहिती इंटरनेटवरून छापून काढणं, हे माझं काम. चाचा आणि बाबा कवचाच्या जाडीवरून भांडायचे आणि मी दोघांमध्ये बसून आकडे वाचून दाखवायची. दर रविवारी बाबा फोनवर ताईला विचारायचे, "तुमच्याकडचे बंबवाले कुठला पंप वापरतात गं?" ताई म्हणायची, "विचारून सांगते, बाबा." तिने कधी विचारलं नाही, आणि बाबा आईला दर रविवारी सांगायचे, "ती विचारून सांगणार आहे." मी छापून आणलेले कागद त्यांच्या उशाशीच असायचे.

कंपनीची वेबसाइट करायची ठरली तेव्हा इतिहासाचं पान मी लिहिलं, इंग्रजीत. बाबांनी एकच वाक्य स्वतः सांगितलं: पंपाला संस्थापकांच्या मुलीचं नाव दिलेलं आहे. एकवचनात. मी ते तसंच टाइप केलं.

त्या पानामुळेच पुढचं झालं. दक्षिण युरोपातल्या एका डीलरने ई-मेलवर पत्रव्यवहार सुरू केला. त्यांच्याकडे पाइनचे डोंगर, आणि उन्हाळ्यात तेच ते. मी पत्राखाली माझं नाव कधीच लिहीत नसे, नुसतं कंपनीचं नाव, म्हणजे ताईचंच. त्याने इतिहासाचं पान वाचलं होतं. एके दिवशी त्याचं पत्र ताईच्या नावाला 'डिअर' लावून आलं. त्याला वाटलं, संस्थापकांची मुलगी ती मीच. एका अर्थी मी होतेच. मी त्याला पाण्याच्या दाबाबद्दल उत्तर दिलं आणि बाकी विषय काढला नाही. पुढे प्रत्येक पत्र तसंच येत गेलं. तुम्ही फार नेमकं लिहिता, असंही त्याने एकदा लिहिलं. ते पत्र मी छापून ठेवायचं कारण नव्हतं, तरी ठेवलं.

हिवाळ्यात ताई मुलाला घेऊन आली आणि नेमका त्याच आठवड्यात तो डीलरही आला. ताई शेडमध्ये शिरली तेव्हा यंत्रं थांबली. मी रोज येते तेव्हा ती चालूच असतात, अर्थात मी रोज येते.

"ताई, आता पंचाईत झाली," चाचा हात पुसत म्हणाले. "तुमच्यासमोर तुम्हाला बोलता येणार नाही."

"बोला हो. इतकी वर्षं मागे बोललात, आता एकदा तोंडावर बोला."

"इंजिन बदलायला झालंय तुमचं."

"ते मला अमेरिकेतल्या डॉक्टरने पण सांगितलं."

सगळे हसले. तिला हे असं जमतं. मला शेडमध्ये येऊन तीन उन्हाळे झाले होते आणि माझ्या बोलण्यावर कुणी हसलं नव्हतं, कारण मी हसण्यासारखं बोलले नव्हते.

तेवढ्यात डीलर आला. उंच, भुवया पांढऱ्या, उन्हाने लाल झालेला. तो सरळ माझ्याकडे आला, टेबलावरच्या कागदांवरून ओळखलं असावं, आणि दोन्ही हातांत माझा हात धरून ताईच्या नावाने मला हाक मारली. "अखेर भेटलो आपण."

बाबा शेजारी उभे होते. चाचा होते. मी कुणाकडेच पाहिलं नाही.

ताईला दोन क्षण लागले असतील. मग ती पुढे आली, गॉगल डोक्यावर सरकवला आणि इंग्रजीत म्हणाली, "आणि मी धाकटी. मला पंपांतलं काही कळत नाही. तुम्ही हिच्याशीच बोला."

दिवसभर तो मला त्या नावाने बोलवत राहिला. अजून अर्धवट असलेला हलका पंप त्याने उघडून पाहिला, मी त्याला सगळं समजावलं, आणि तो म्हणाला की कडुलिंबाच्या शेंड्याला पाणी लागलं तर मी घेतो. ताई कोपऱ्यात मुलाला उसाचा रस पाजत बसली होती, धाकट्या बहिणी बसतात तशी. तेही तिला छान जमलं.

जेवताना बाबा म्हणाले, "बरं झालं मला तिसरी नाही. पाहुण्याचा आणखी गोंधळ झाला असता." एवढंच. आईने विचारलं काय झालं, तर कुणी सांगितलं नाही.

झोपायच्या खोलीत ताई म्हणाली, "कधीपासून चाललंय?"

"बरेच दिवस."

"मग मला सांगायचंस. मी नाही म्हटलं असतं का? घेऊन टाक गं ते नाव. मला काय करायचंय? तिकडे कुणाला धड उच्चारता पण येत नाही."

ती खरंच मनापासून बोलत होती. म्हणूनच मला ते सहन होईना. तिने ते नाव मला जुना स्वेटर द्यावा तसं दिलं होतं, आपल्याला आता घट्ट होतो म्हणून. तिचे सगळे स्वेटर मी घातले आहेत. हा घालायचा नव्हता.

ती गेल्यावर पंपाचं काम पुढे सरकलं. नव्या ॲल्युमिनियमच्या कवचावर उठावाची अक्षरं घेता येत नव्हती, त्याने वजन वाढलं असतं. नुसती पत्र्याची पाटी रिव्हेटने ठोकायची. म्हणजे पाटीवर काय लिहायचं ते आता नव्याने ठरणार होतं. मी पुष्कळ दिवस थांबले. बाबांना आपणहून सुचेल असं वाटलं. पाटीवाल्याचा माणूस दोनदा विचारून गेला.

"नव्या पंपाला नाव काय द्यायचं?" मी शेवटी विचारलं. बाबा चष्मा कपाळावर ठेवून पाना शोधत होते.

"नाव आहे की."

"ते कंपनीचं झालं. या पंपाचं?"

"नंबर देऊ. बाहेर नंबरच चालतात."

"माझं नाव देता येईल." हे मी टेबलावरच्या पंच मशीनकडे पाहून म्हणाले.

बाबांनी पाना शोधणं थांबवलं. त्यांना राग आला नव्हता. भिंतीवरच्या कॅलेंडरने तोंड उघडलं असतं तर त्यांचा चेहरा असाच झाला असता.

"तुझं?" ते म्हणाले. "अगं, पण तू तर इथेच असतेस."

पाटीवाला शनिवार पेठेत होता, आमच्या जुन्या गाळ्यापासून जवळच. पाट्या आणायला मीच गेले. कंपनीचं नाव आणि खाली नंबर. नंबर बरोबर आहे ना ते तपासून घेतलं. सोलापूर रस्त्याने परत येताना पाट्यांची पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवलेली होती आणि प्रत्येक खड्ड्यात वाजत होती. तू तर इथेच असतेस. त्यात प्रेम होतं की नव्हतं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुधा त्यांनाही नसेल आलेलं.

चाचणीच्या दिवशी नवा पंप सुरू होईना. मी ऑफिसच्या दारात उभी होते. चाचा दोरी ओढत होते, बाबा बाजूला हात मागे बांधून. लोणीचा एक फिटर वैतागला. "काय झालंय हिला? थोरल्या ताई एका झटक्यात उठायच्या."

"थोरलीशी कशाला तुलना करतोस?" चाचा म्हणाले. "धाकटी आहे ही. लाजते. आधी तिला पाणी पाज नीट, मग बघ."

फिटरने पाइपमध्ये पाणी भरलं. चाचांनी दोरी ओढली. पंप खोकला, थांबला, परत खोकला आणि लागला. आवाज बारीक होता, ताईंच्या निम्माही नसेल. पाइप ताठ झाला. धार वर चढली, पहिल्या फांदीच्या वर, दुसऱ्या फांदीच्या वर, वाऱ्याने जरा तुटली आणि परत जुळली. कडुलिंबाचा शेंडा हलला आणि पाणी पानांतून खाली गळायला लागलं. पलीकडे गेलं नाही. पण शेंड्याला लागलं.

"धाकटीनं गाठला की शेंडा," तो फिटर म्हणाला.

माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. ते माझ्याबद्दल बोलतच नव्हते. बाबांनी मागे बांधलेले हात सोडले आणि पंपाच्या कवचावर हात ठेवला, तापलंय का पाहायला.

त्या दिवसापासून शेडमध्ये ते सुरू झालं. "धाकटीचा पाइप आण." "धाकटी रुसलीय आज." "धाकटीला एकट्याने उचल, दोघं कशाला लागतात?" मी फाइलीतून मान वर काढत नसे. मी ऐकतेय असं त्यांना कळलं असतं तर मालकांची मुलगी म्हणून त्यांनी ते बंद केलं असतं, आणि पाटीवरचा नंबर घेऊन बोलायला लागले असते. म्हणून मी चेहरा कोरा ठेवायची. तो मला शाळेपासून ठेवता येतो.

डीलरचा माल गेला. खाली मी पहिल्यांदा माझं नाव लिहून त्याला पत्र धाडलं. त्याचं उत्तर आलं: क्षमा असावी, बहुधा आपण दोघी बहिणी मला चुकीच्या क्रमाने भेटलात. पुढे पाण्याच्या दाबाबद्दल.

त्या उन्हाळ्यात ताईकडचे डोंगर पुन्हा पेटले. रविवारी फोनवर ती सांगत होती की गाडीवर राख पडते, मुलाला शाळेत पाठवत नाही, खिडक्या बंद आहेत. बाबांनी स्पीकर लावला होता. सगळं विचारून झाल्यावर ते म्हणाले, "बरं, धाकटी पास झाली."

"कशात?" ताईने विचारलं.

"अगं, नवा पंप. पोरं धाकटी म्हणतात त्याला. चांगला चाललाय. आणखी मागणी आहे."

"आणि ताई?"

"ताई आता थांबवतोय. जड पडते, कुणी घेत नाही. सुतार साचा नेतो म्हणतोय, त्याला चांगलं लाकूड हवंय."



"साचा नका देऊ त्याला," ताई म्हणाली. "ठेवा तो. बाबा, ठेवाल ना?"

"ठेवतो की. माळ्यावर जागा आहे."

"तिला द्या फोन."

मी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला. तिकडे कुठेतरी खिडकी ओढून घेतल्याचा आवाज आला.

"नाव तू मागितलंस?" ताई म्हणाली.

"बाबांकडे मागितलं होतं. त्यांनी नाही दिलं. हे शेडमधल्यांनी ठेवलं."

"त्यांनी स्वतःहून?"

"हो."

"हं," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "चांगलं आहे."

ते 'चांगलं आहे' मी ताबडतोब ओळखलं. ते माझं होतं. तिचा निकाल लागला तेव्हा, तिला व्हिसा मिळाला तेव्हा, तिने तिकडे घर घेतलं तेव्हा मी तिला हेच, याच आवाजात म्हणाले होते. दुसऱ्या बाजूने ते कसं ऐकू येतं ते मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, ऐकणाऱ्याला काही कळत नसेल.

"पाटीवर तुझंच नाव आहे अजून," मी म्हणाले.

"हो, पाटीवर," ती म्हणाली.

मग नेहमीसारखं मी तिला विचारलं, तिकडे किती वाजले.